मापाला दिलेले झंपर

आईने वहिनीची संक्रांतीची साडी कापली, त्या दिवशी मी आष्ट्यात पतसंस्थेच्या काउंटरवर बसले होते. वहिनीचा फोन आला. आधी नुसताच नाक ओढल्याचा आवाज, मग म्हणाली, "वन्सं, आत्तींनी माजी नवी साडी कापली की ओ. मधोमध. आजून घडीसुदिक मोडली नव्हती." आत्ती म्हणजे तिची सासू, माझी आई. मी विचारलं, कापली म्हणजे नेमकं केलं काय? तर म्हणाली, ब्लाऊज बेतलाय. कुणाचा? तर चावडीमागच्या एका म्हातारीचा. ती म्हातारी मागच्या पावसाळ्यातच वारली होती.

मला हसू फुटलं. समोर पासबुक घेऊन उभा असलेला माणूस बघायला लागला तसं मी तोंडाला पदर लावला, आणि मग हसल्याची इतकी लाज वाटली की फोन तसाच ठेवून दिला.

आई कुंडलला राहते. भाऊ मिलिटरीत, त्यामुळे घरात ती, वहिनी आणि वहिनीची शाळेत जाणारी मुलगी. निम्म्या गावाचे ब्लाऊज आईने शिवलेत. ती त्याला अजून झंपरच म्हणते. द्राक्षाच्या बागेत कामाला जाणारीला कोपराच्या खाली बाही, अंगावर पाजणारीला पुढून उघडणारा, नव्या नवरीला पाठीवर गोंडे. जिला जसा पाहिजे तसा. बघता बघता विसरायचा आजार लागला. सुरुवातीला चहात मीठ, मग चुलीवर रिकामं पातेलं, मग दोन्ही बाह्या एकाच बाजूला जोडलेला झंपर. गिऱ्हाइकं हळूहळू तुटली. सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, कात्री, सुया, इस्त्री काही हाताशी ठेवू नका, ती शिलाईची खोली मोकळी करा. आम्ही हो हो म्हणालो आणि कुणी काही केलं नाही. साडी कापली तेव्हा जाग आली.

वहिनी म्हणाली, मी कात्री लपवते आणि खोलीला कुलूप लावते. मीच म्हणाले, थांब, मी येते, नीट आवरू. का म्हणाले ते तिला सांगितलं नाही. इथं सांगते.

त्याआधीच्या दोन फेऱ्यांत आईने मला ओळखलं नव्हतं. पहिल्या वेळी मी दारात चप्पल काढत होते, तर म्हणाली, "या बाई, बसा." मला वाटलं चेष्टा करतेय. आई चेष्टेखोर होतीच. दुसऱ्या वेळी मी शेजारी बसून तिला भात भरवत होते, तर माझ्या देखत वहिनीला विचारलं, "ह्या बाई कुटल्या गं? लय वेळ झाला, घरी जायाच्या न्हाईत व्हय?" मी मोरीत गेले, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. वहिनीला ओळखते. नातीला ओळखते. दूधवाल्याला तर नावाने हाक मारते. पोटच्या पोरीला बाई म्हणते. सांगायचं कुणाला?

त्यातच मला मोबाइलवर घर आवरायला शिकवणाऱ्या एका बाईचे व्हिडिओ दिसायला लागले. पांढऱ्याशुभ्र कपाटासमोर उभी राहून ती सांगते, घर आवरलं की मन आवरतं. पसारा डोळ्यांना दिसतो पण बसतो डोक्यात. रोज रात्रीची भांडी झाली की मी तेच बघत बसायची. आणि माझ्या मनाने घेतलं की आईचं डोकं त्या खोलीतच अडकलंय. खोली लख्ख झाली, प्रत्येक वस्तूला जागा मिळाली, तर तिच्या डोक्यात मलाही जागा मिळेल. एवढी शिकलेली बाई मी, पतसंस्थेत कुठलीही फाइल मागा, हात घालून काढून देते. आणि बुद्धी ही अशी. पण आशेला काय, तिला डोकं नसतंच.

रजा टाकली, बाजारातून झाकणाचे पारदर्शक डबे घेतले आणि एसटीत चढले. डब्यांची चळत बघून कंडक्टर म्हणाला, "मावशी, दुकान टाकताय काय?" मी म्हणाले, तुम्ही तिकीट फाडा. कुंडल येईपर्यंत डबे मांडीवर घेऊन बसले. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागे एसटी गोगलगाईसारखी.

खोली उघडली आणि पहिल्यांदा मीच दारात थांबले. शिलाईच्या बाईची खोली आवरलेली कधीच नसते, पण हे भलतंच होतं. मशीनवर चिंध्या, मशीनखाली चिंध्या, गोधडीसाठी साठवलेल्या जुन्या लुगड्यांची गाठोडी छतापर्यंत. दिवाळीच्या मिठाईच्या डब्यात हुक, औषधाच्या बाटलीत सुया, दूध पावडरच्या डब्यात बॉबिन, आणि बॉबिनच्या डब्यात अर्धी भाकरी. अस्तराचे तागे उंदराने कुरतडलेले. भिंतीला या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत, तिन्ही बाजूंनी एक सुतळी बांधलेली, आणि तिच्यावर जुनेपाने ब्लाऊज एकाला एक चिकटून टाकलेले. ते मापाचे. बाई नवा ब्लाऊज शिवायला टाकते तेव्हा अंगाला नीट बसणारा एक जुना देऊन जाते, त्याच्यावरून बेतायचं. काही बाया तो परत नेतात, पण आमच्या गल्लीतल्या बायांनी आपापला जुना कायमचाच आईकडे ठेवला होता. ऱ्हाऊ दे की तुज्याकडंच, सारखं कोण आणणार, असं म्हणून.

"वन्सं, हळूहळू करूया," वहिनी म्हणाली. "एक कोपरा आज, एक उद्या."

"हळूहळूनेच ही दशा झालीय," मी म्हणाले. माझी जीभ अशीच. वहिनीने पदर जरा जास्तच जोरात खोचला. आईला बाहेर सोप्यात बाजेवर बसवून पुढ्यात ओले वाटाणे दिले सोलायला. तेवढं काम तिला अजून छान जमतं.

मी कंबर कसली. कात्र्या आधी गोळा केल्या आणि वरच्या फडताळात टाकल्या. चिंध्या पोत्यात भरल्या. रिळं रंगाप्रमाणे लावली, हुक वेगळे, बटणं वेगळी. मग सुतळीवरचे ब्लाऊज. वहिनी म्हणाली, ते राहू देत की, ते काही खात नाहीत. मी म्हणाले, धुळीने माखलेत, आणि भिंतीला रंग द्यायचा तर काढावेच लागतील. सरसर ओढून काढले. मागच्या अंगणात झटकले. मग खोलीतच सतरंजी टाकून त्यांचे रंगाप्रमाणे गठ्ठे केले, त्या व्हिडिओतली बाई करते तसे. लाल एकीकडे, हिरवे एकीकडे, काळे, पांढरे, फुलाफुलांचे. घड्या घालून डब्यांत रचले. डब्यातून ते इंद्रधनुष्यासारखे दिसायला लागले. सुतळी गुंडाळून कचऱ्यात टाकली. मी फोटो काढून भावाला पाठवला. तिकडून त्याने अंगठा पाठवला.

खरं सांगते, मी खूश होते. दुपार झाली होती, जमीन पुसून झाली होती, फिनेलचा वास येत होता. किती वर्षांनी त्या खोलीची फरशी दिसली. मी आईचा हात धरून तिला उठवलं. म्हणाले, "चल आई, तुझी खोली बघ." मी तिच्या तोंडाकडे बघत होते, खोलीकडे नव्हे.

ती उंबऱ्यात उभी राहिली. मशीनकडे बघितलं, डब्यांकडे बघितलं. मग मान वर करून भिंतीकडे. एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे, तिसऱ्या भिंतीकडे. रिकाम्या खिळ्याला हात लावला.

"गल्ली कुटं हाय?" ती म्हणाली.

"काय आई?"

"माजी गल्ली कुटं गेली? कुणी नेली?"

आम्हाला वाटलं डोकं फिरलं. वहिनी म्हणाली, गल्ली बाहेर हाय आत्ती, चला दावते. आईने तिचा हात झिडकारला. मशीनच्या मागे बघायला लागली, गाठोड्यांत हात घालून ओढायला लागली. माझे डबे एकेक करून खाली. हुक फरशीभर झाले. "आगं आता तिकटीवरची येईल, तिला काय सांगू? सगळी गल्ली नेली माजी!" ती किंचाळत होती. आणि मी तिला मागून धरायला गेले, तर वळली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हीच. हीच बाई शिरली हुती आत. हिला भाईर काडा. चोर हाय ही."

चोर. आई मला चोर म्हणाली. माझा तोल गेला. मीही ओरडले, "आई, मी तुझी लेक आहे गं! तुझ्यासाठीच मरमर करतेय मी सकाळपासून!" तिला ते कळलं नाही. ती घाबरली फक्त. मशीनच्या पायडलपाशी अंग चोरून बसली, आणि मला स्वतःची जीभ उपटून टाकावीशी वाटली.

"वन्सं, तुमी भाईर जावा जरा," वहिनी म्हणाली. एरवी माझ्यासमोर आवाज न काढणारी. मी चिडून म्हणाले, मला माझ्या आईपासून लांब करतेस का? तेव्हा ती म्हणाली, "तुमी चार दिसाची पाव्हणी. ओरडून जाणार आष्ट्याला. रात्रंदीस मी काडती." खरं तेच होतं. मी बाहेर जाऊन बाजेवर बसले आणि सोललेल्या वाटाण्यांतून टरफलं वेचत राहिले.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या चाची आल्या. या चाची आईच्या ब्लाऊजना काज-बटण करून द्यायच्या. आईने शिवायचं, चाचींनी हुक लावायचे, असं आयुष्यभर चाललं. गुडघे गेलेत, भिंत धरत चालतात. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या खोलीच्या दारातून डोकावल्या, भिंत बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आगं पोरी, दोरी कशाला काडलीस?"

"का? काय झालं?"

"तीच तिची गल्ली हुती न्हवं का. हिकडं दाराजवळ मारुतीच्या देवळापासनं सुरवात, मग घरं जशी हायेत तशी एकाम्होरं एक, वळून तीन वाटा मिळत्यात ती तिकटी, आन त्या टोकाला पाण्याची टाकी. ज्या घरचा झंपर त्या जागंला. लिवाया येतंय व्हय तिला? आकडं कळत्यात तेवढंच. म्हनून दोरीवर गाव बांदलं हुतं तिनं. नवी सून आली की दोन झंपर सरकवून मधी जागा करायची. मला म्हनायची, जावा-जावांचं भांडाण झालंय, ह्यास्नी जरा लांब लांब टाकती."

लहानपणापासून मी त्या सुतळीखाली अभ्यास केला, जेवले, झोपले. मला कधी कळलं नाही. कळायला मी कधी विचारलं होतं? माझ्या दृष्टीने ती कपडे वाळत घालायची दोरी होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तशातली गत.

"मग आता लावू या परत," मी म्हणाले. कचऱ्यातून सुतळी काढली, गाठी सोडवल्या, खिळ्यांना बांधली. डबे सतरंजीवर उपडे केले. पण कुठला झंपर कुणाचा? चाचींना आपला स्वतःचा सापडला, सुनेचा सापडला, पुढे त्याही अडल्या. मला तर लग्न होऊन गेले तेव्हाची गल्ली ठाऊक, आता निम्म्या घरांत कोण आहे तेही मला माहीत नाही. वहिनीने बचत गटाच्या ग्रुपवर फोटो टाकले आणि लिहिलं, आपापला ओळखा. झालं! एका हिरव्या ब्लाऊजवर तिघींनी हक्क सांगितला. एकीने लिहिलं, माझा नाही पण कापड चांगलं आहे, कुणाचा नसला तर मला चालेल. एकीने नुसतेच हात जोडलेले पाठवले. वहिनी तशातही हसली आणि मग मीही हसले, आणि आमचा रुसवा तिथंच निघून गेला. ती म्हणाली, वन्सं, च्या ठेवू काय? मी म्हणाले, ठेव.

आई अजून मशीनपाशीच बसली होती. दमून शांत झाली होती, पण नजर त्या मोकळ्या सुतळीवर. तिच्या ओठांची हालचाल चालली होती, देवळापासून घरं मोजत असावी. ते बघवेना. कोणी तरी तुमच्या डोक्यातलं उरलंसुरलं गाव झटकून डब्यांत भरावं, रंगाप्रमाणे, आणि वर फोटो काढावा. पतसंस्थेत फाइल चुकली तर नंबर असतो, रजिस्टर असतं. इथं काहीच नव्हतं.

चाचींनीच एक लाल झंपर उचलला आणि आईच्या मांडीवर टाकला. "घे. कुणाचा हाय बघ."

आईने तो बघितला नाही. उलटा केला, बाहीच्या आत हात घातला, काखेपाशी शिवण चिमटीत धरली. "गिरणीवालीचा," ती म्हणाली. "डावा खांदा उतरलाय तिचा. पिठाचा डबा त्याच खांद्यावर घेती." आणि उठून, अगदी सरळ चालत, दारापासून थोड्या अंतरावर सुतळीवर टाकला.

आम्ही तिघी एकमेकींकडे बघायला लागलो. वहिनीने चहाचं आधण तसंच उकळत ठेवलं. चाचींनी दुसरा दिला. "ही दोडक्याच्या मळ्यात कामाला जाती ती. लेकराचं दूद तुटलं की टीप घालून आवळ म्हनली हुती, आली न्हाई." तिसरा. "ही लय खोटं बोलती. जाडी झाली न्हाई म्हनती आन दर साली बगलेत पट्टी जोडाया लावती." चौथा हातात घेऊन ती जरा थांबली. "ही गेली की गं," ती म्हणाली. "गेली तर गेली. तिची जागा कशाला मोडायची?" आणि तोही टाकला, दोघींच्या मधोमध. तो चावडीमागच्या म्हातारीचा होता.

मी एकेक उचलून देत होते. ती बोटांनी चाचपत होती, कधी कापड नाकाला लावत होती, आणि गल्ली भिंतीवर परत येत होती. देऊळ झालं, वळण झालं, तिकटी झाली. एकाही ठिकाणी ती अडली नाही. आवाजसुद्धा आधीचा आला, गिऱ्हाइकाची मागून नक्कल करायची तो. चाची हसून हसून भिंतीला टेकल्या. मलाही हसू येत होतं. देवा, मी मनात म्हणत होते, हिला सगळ्या आठवतात. अंगाअंगाने आठवतात. तोंड विसरली असेल, पण माप विसरली नाही. म्हणजे माझाही येईल. येऊ दे. आत्ता या ढिगातून माझा निघेल, ती त्यात हात घालेल, आणि म्हणेल.

काय म्हणेल? उजवा हात जरा लांब आहे म्हणेल. पोटात तेच ओठात म्हणेल. काहीही म्हणू दे. मी भराभर देऊ लागले. ढीग कमी होत चालला तशी मी खालचे आधी ओढायला लागले. हा का? न्हाई, ती टाकीजवळची. हा? ती तिची जाऊ. आणि सतरंजी दिसली. सुतळी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती. मी डबे पालथे घातले. चिंध्यांचं पोतं ओतलं. वहिनी म्हणाली, वन्सं, काय शोधताय?

"माझा मापाचा," मी म्हणाले. "माझा कुठाय? चाची, माझा कुठं असायचा?"

चाचींनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "तुजा कशाला आसंल पोरी? तुजं माप तिनं कवा घेतलंच न्हाई. तू दारातनं आत आलीस की तुज्याकडं एकदा बघायची आन कापाया घ्यायची. मी म्हनायची सुदिक, आगं लेक आता दोन लेकरांची आई झाली, टेप तर लाव. तर म्हनायची, माज्या लेकीला टेप कशाला लावू?"

मी आठवून बघितलं. खरंच. शाळेचा फ्रॉक नाही, परकर-पोलकं नाही, लग्नातले नाहीत, पहिल्या बाळंतपणानंतरचे नाहीत. एकदाही तिने माझ्या अंगाला टेप लावली नव्हती. आष्ट्याहून मी नुसतं कापड पाठवायची आणि भाऊ रजेवर आला की शिवलेला आणून द्यायचा, आणि तो अंगाला असा बसायचा की माझ्या सासूबाईंना हेवा वाटायचा. मी कधी म्हणाले नाही, आई, कसं गं जमतं तुला? मला वाटायचं, आईला जमतंच.

आता अंगावर जो होता तो आष्ट्याच्या टेलरकडचा होता, काखेत ओढणारा. तिच्या हातचा शेवटचा केव्हाच विरून गेला, त्याची मी फडकी केली. दोरीवर गल्लीतली प्रत्येक बाई होती. मेलेलीसुद्धा होती. मी नव्हते, आणि कुणी चूक केली म्हणून नव्हे. मला शोधायला तिच्या हाताशी काहीच नव्हतं.

मी तिच्यासमोर जाऊन बसले. तिचे दोन्ही हात धरले. "आई," मी म्हणाले, "बघ ना माझ्याकडे. नुसती बघ एकदा." आणि ती खरंच बघायला लागली. कपाळापासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून कमरेपर्यंत, तशीच, कापायच्या आधी बघायची तशी. वहिनी दारात थांबली. बाहेर उसाची ट्रॉली गेली, तिचा आवाज संपेपर्यंत मी पापणी हलवली नाही.

मग आईने माझ्या हातांतून आपले हात काढून घेतले, आदबीनं. सुतळीकडे एकदा बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"तुमचा न्हाई वं ह्यात," ती म्हणाली. "नवीन दिसताय. चांगला बसणारा एक झंपर आणलाय का मापाला?"

"न्हाई," मी म्हणाले. तिच्यासारखंच म्हणाले.

"ऱ्हाऊ दे. मग अंगावरनंच घेती. लाजू नगा, सगळ्या बायकाच हायेत." ती उठली. मशीनचा खण उघडून टेप काढली, गळ्यात टाकली. तिला हे कुणी सांगावं लागलं नाही. "उबं ऱ्हावा. हात वर करा, बाई."

मी उभी राहिले. हात वर केले. माझ्या आईने माझ्या छातीभोवती टेप आणली, तिचे केस माझ्या हनुवटीला लागले. ती आकडा बघायला वाकली, थांबली, टेप सैल करून परत लावली, परत बघितलं.

"श्वास धरून उबं ऱ्हाऊ नगा, बाई," ती म्हणाली. "माप चुकतंय."